बारा सावल्या

४ जून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

माझं पत्र पाहून दचकू नकोस. घरात सगळे ठीक आहेत, कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. हे आधीच लिहितो, कारण आपल्या नात्यात पत्र म्हटलं की माणसं आधी भिंतीला टेकून बसतात. फोन केला असता, पण मला आता फोनवर नीट ऐकू येत नाही. समोरचा विचारतो एक आणि मी उत्तर देतो भलतंच. सूनबाई हसते.

काम असं आहे. आपल्या फोटोग्राफी क्लबाला या डिसेंबरात पन्नास वर्षं पुरी होतात. पुस्तक काढायचं ठरलंय आणि इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी सातवी शिकलेला बाइंडर. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, लिहिलं एकही नाही. पण सुरुवातीच्या बारा सभासदांपैकी आता तिघंच उरलो. चष्मेवाला अध्यक्ष आहे, त्याला वेळ नाही. तू लांब आहेस. राहिलो मी.

सगळ्या जुन्या वह्या माझ्याकडेच आहेत. पहिलं वर्ष लिहून झालं. दुसऱ्या वर्षाशी येऊन अडकलोय. रात्री झोप लागत नाही, डॉक्टर म्हणतात रक्तदाब, मी म्हणतो दुसरं वर्ष. तुला त्या दिवसांतलं काही आठवत असेल तर चार ओळी लिहून पाठव. नाही जमलं तरी हरकत नाही. गुडघे कसे आहेत?

तुझा,
दादा

ता. क. पाकिटावर तिकीट पुरेसं लावलंय की नाही अशी शंका आली म्हणून आणखी एक लावलं.


१५ जून

ती. दादास नमस्कार.

चार ओळी मागितल्यास, चारच लिहिते.

क्लबाकडे एकच कॅमेरा होता आणि एका रिळात बारा फोटो. आपण बारा जण, म्हणून महिन्यातून एका रविवारी प्रत्येकाला एकदाच बटण दाबायला मिळायचं. कोणी कोणानंतर दाबायचं ती यादी तू आदल्या संध्याकाळी शाईनं वहीत लिहायचास, म्हणजे भांडणं नकोत. त्याच यादीवरून एकदा मला भर सभेत खोटारडी ठरवलं.

झाल्या चार ओळी. गुडघे आहेत तसेच आहेत. एक्स-रे विभागात चाळीस वर्षं दुसऱ्यांची हाडं बघितली, आता स्वतःची बघून घेते.

तुझी,
बारकी


२३ जून

चि. बारकीस आशीर्वाद.

तुझी चौथी ओळ वाचून मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि ताट अर्धं टाकून उठलो. सूनबाईला वाटलं जेवण आवडलं नाही.

आता लपवत नाही, तिथेच अडकलोय. समिती म्हणते, सभेच्या वहीत आहे तेच उतरवून काढा, आपल्या मनाचं काही घालू नका. वहीत त्या वर्षी असं आहे: ‘सभासद बाईंनी प्रथम क्रमांकाच्या फोटोवर खोटा दावा केल्याबद्दल त्यांना समज देण्यात आली.’ अक्षर माझं आहे. अक्षर चांगलं म्हणून तर मला वही दिली होती.

आणि फोटो तर तोच. ‘उडी’. पोस्टाच्या पायऱ्यांवर झाडूवाली झाडतेय आणि डाकवाला तिच्या झाडूवरून उडी मारतोय, दोन्ही पाय हवेत. क्लबाच्या पाटीवर तोच, प्रशस्तिपत्रावर तोच, आता पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही तोच घेणार आहेत, खाली चष्मेवाल्याचं नाव.

मी विचारतो ते रागावू नकोस. ती ओळ मी गाळली तर? इतक्या वर्षांनी तुझ्या नावाला कशाला धक्का. कोणाला कळणारही नाही. तू फक्त हो म्हण, म्हणजे मी पुढे जातो. तिसरं वर्ष सोपं आहे, त्यात फक्त छप्पर गळतं.

दादा


१ जुलै

ती. दादास नमस्कार.

गाळू नकोस. ओळ गाळलीस की माझ्या नावाचा धक्का जातो आणि चष्मेवाल्याचा फोटोही त्याच्याकडेच राहतो. एका दगडात दोघांची सोय करतोयस.

तेव्हा सांगितलं तेच पुन्हा लिहून देते, म्हणजे तुझ्याकडे कागद राहील. यादीत चष्मेवाला सातवा होता आणि मी आठवी. त्याची पाळी आली तेव्हा तो शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होता. मला म्हणाला, तू हो पुढे. मी कॅमेऱ्यामागे गेले. डाकवाला पिशवी सांभाळत खाली येत होता, झाडूवालीनं मान वर केली नाही, तो थांबला नाही. मी दाबलं. मग तुझ्याकडे वळून म्हटलं, दादा, आमची पाळी बदलली, नोंद कर. तू कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचा पाय धरून वाकला होतास. ‘हो’ म्हणालास. त्याच्या पाळीला उरली होती नुसती झाडूवाली, तीही हललेली. सभेत तो हललेला फोटो माझा ठरला, आणि स्टुडिओवाले परीक्षक म्हणाले, बाईंचा हात कापतो.

मी तुला विचारलं होतं, सगळ्यांसमोर. तू वही उघडून म्हणालास, ‘माझ्या वहीत खाडाखोड नसते.’

तुला आठवतं का? एवढंच विचारते. हो किंवा नाही. हवापाणी नको.

बारकी


३० जुलै

बारकी,

उशीर झाला. तब्येतीचं कारण देणार होतो, पण तब्येत बरी आहे. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं पोस्टात टाकेपर्यंत घरी परत जायचं नाही असं ठरवून दुकानात बसून लिहितोय. मुलगा बांधणीच्या कामात आहे, त्याला वाटतं मी हिशेब करतोय.

तू ‘नोंद कर’ म्हणालीस ते मला सभेच्या दिवशी आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. मी तिकाटण्याकडे बघत होतो, ते घसरत होतं. वहीत लिहिलं होतं ते मला खरं वाटलं, कारण ते मी लिहिलं होतं. तेवढ्यावर थांबलं असतं तर ती नुसती चूक होती.

पुढचं तुला माहीत नाही. तीन आठवड्यांनी ‘उडी’ मोठी करून दुसऱ्या क्लबांच्या प्रदर्शनात पाठवायची होती. मी अंधाऱ्या खोलीत एकटा होतो. तुला आठवत असेल, सूर्य पाठीशी घेऊनच फोटो काढायचा असा आपला नियम होता, आणि सकाळचा सूर्य खाली असायचा. त्यामुळे प्रत्येक फोटोत खालच्या कडेला काढणाऱ्याची सावली पडायची. स्टुडिओवाले सावलीचे गुण कापायचे, म्हणून छापताना मी प्रत्येक फोटोची खालची दोन बोटं कड कागदाच्या पट्टीनं झाकून ठेवायचो. सवयच झाली होती. त्या दिवशी पट्टी सरकली आणि पूर्ण फोटो कागदावर उतरला. पायऱ्यांच्या खाली सावली होती. वाकल्यामुळे खांद्यावरून बाजूला लोंबणारी लांब वेणी तीत स्पष्ट दिसत होती.

मग मी बाराही निगेटिव्ह काढून बघितल्या. एक सावली टोपीची, ते शिंपीमामा. एक दाराएवढी रुंद, तो बेकरीवाला. बारावी माझी, खांदा पडलेला. वेणी एकच. आपल्यात बाई एकच.

तेव्हापासून मला माहीत आहे. प्रदर्शनात ‘उडी’ला पहिलं बक्षीस मिळालं, चष्मेवाल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि स्टुडिओवाल्यांनी माझ्या वहीचं कौतुक केलं, नोंदी असाव्यात तर अशा. तू तोवर यायची बंद झाली होतीस. मी का बोललो नाही याचं कारण इतकी वर्षं शोधतोय. भीती वाटली, याखेरीज दुसरं सापडत नाही.

आता एक उपाय सुचलाय. पुस्तकं छापून बांधणीला आमच्याच दुकानात येणार आहेत. तीनशे प्रती. मी खरी हकीकत एका पानावर छापून घेतो आणि शिवताना प्रत्येक प्रतीत घालतो. प्रती वाटल्यावर कळेल तेव्हा कळेल. तोवर कोणाच्या हातात काही नसेल. तुला कसं वाटतं ते कळव.

दादा


६ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र वाचल्यावर मला रडू आलं नाही. राग आला की मी कपाटं आवरते. तीन झाली. शेजारीण विचारून गेली, घर विकताय का.

तुला हे माहीत असून तू माझ्या लग्नाला आलास. माझ्या मुलीच्या बारशाला आलास. दर वेळी मी वाढलेलं जेवलास. हे मी एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही, पण एकदा लिहायला हवं होतं.

तुला आणखी एक सांगते. नोकरीला लागल्यावर पहिलं वर्षभर मी एक्स-रेची प्लेट लावताना दुसऱ्या हातानं मनगट धरायची. हात कापतो असं मला लोकांनी सांगितलं होतं ना. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एक दिवस विचारलं, मनगट दुखतं का. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग सोडा ते. तेव्हा सोडलं.

चोरून पान घालायचं नाही. तू एकदा वहीआड लपून राहिलास तेवढं पुरे. सभेत उभा राहा, ठराव मांड, तोंडानं सांग. आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस. बाराही निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून छाप, कडेपासून कडेपर्यंत, पट्टी न लावता. जमेल तुला. हात माझा कापत नव्हता, तुझाही कापू देऊ नकोस.

बारकी


२८ ऑगस्ट

चि. बारकीस आशीर्वाद.

उभा राहिलो. गेल्या रविवारची सभा. सकाळी दोनदा रक्तदाब मोजला, दोन्ही वेळा वेगळा आला, म्हणून मशीन कपाटात ठेवून दिलं.

पण मी एक गाढवपणा केला. फोटो छापायचा कागद जुना निघाला, सगळा काळा झाला, म्हणून फोटो न घेताच गेलो. वाटलं, मी म्हणतोय तेवढं पुरेल. ठराव वाचला: ‘तो फोटो सभासद बाईंचा असून समज दिल्याची नोंद रद्द करावी. चूक वही लिहिणाऱ्याची आहे.’ सभेत बहुतेक तरुण पोरं, त्यांच्यासाठी ‘उडी’ म्हणजे पाटीवरचं चित्र. एक वकील आहे, तो फार आदरानं म्हणाला, काका, वयोमानानं असं होतं, आमच्या आजोबांनाही शेवटी सगळं आपलीच चूक वाटायचं.

चष्मेवाला अध्यक्षाच्या खुर्चीत होता. माझ्याकडे बघत नव्हता. एवढंच म्हणाला, नियमाप्रमाणे अनुमोदन लागतं, कोणी सभासद अनुमोदन देतं का?

मी मोजलं. एकवीस जण होते. एकही हात वर झाला नाही. अनुमोदन नाही म्हणून ठराव पडला. चहा आला.

मी चहा घेतला नाही. दुसरं वर्ष सोडून पुढचं लिहीत गेलो होतो, ती साठ पानं समितीपुढून उचलली आणि सांगितलं, दुसऱ्या वर्षाचं खरं पान जाणार नसेल तर बाकीचीही जाणार नाहीत. वकील म्हणाला, काका चिडले. घरी येईपर्यंत पानं काखेत घट्ट धरली होती.

पुढच्या सभेत पुन्हा मांडीन. त्यानंतरच्या सभेतही. अनुमोदन मात्र आणायचं कुठून? जे देऊ शकले असते ते सगळे आता भिंतीवरच्या, हार घातलेल्या फोटोत आहेत.

दादा


२ सप्टेंबर

दादा,

एक काम कर. सभासदांची नोंदवही उघड आणि माझं नाव बघ. मी राजीनामा कधीच दिला नव्हता. नुसती यायची बंद झाले. मला कोणी काढलं असेल तर तेही तुझ्याच अक्षरात असेल.

कागद नवा घे. उन्हात तपासून बघत बसू नकोस, त्यानंच तो काळा पडतो.

बारकी


१० सप्टेंबर

चि. बारकीस आशीर्वाद.

नोंदवही बघायची गरज नव्हती, तरी तीनदा बघितली. दर पाच वर्षांनी नवी वही मी शिवायचो आणि जुनी नावं नवीत उतरवायचो. तुझं नाव मी दर वेळी उतरवलं. गाळायचा धीर झाला नाही, आणि का लिहिलं असं कोणी विचारलंही नाही. आठवा क्रमांक, दहाही वह्यांत. घटनेत कलम चार आहे: पहिल्या बारा जणांचं सभासदत्व तहहयात. मी वकिलाला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं आणि म्हणाला, आहे, हे आहे.

पुढची सभा महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सकाळी अकरा. जुनीच खोली, पोस्टाच्या मागे, दुसरा मजला. जिना अवघड आहे, कठडा एका बाजूनं सुटलाय. तुझ्या गुडघ्यांचं मला काही सुचत नाही. खुर्चीत बसवून उचलून न्यायला चार पोरं तयार करू का? बसस्टँडवर मी किती वाजता यावं? छत्री आणू का?

बाराही फोटो या वेळी नीट उमटले. दोरीवर वाळताहेत. सूनबाई विचारत होती, बाबा, ही लांब वेणी कोणाची.

दादा


१६ सप्टेंबर

दादा,

रविवारी पावणेअकराला जिन्याशी असेन. उचलायला कोणी नको. एका वेळी एक पायरी, मध्ये उभी राहीन तेव्हा बोलू नकोस, म्हणजे लवकर होईल. निघायची बस दोनची आहे.

ठराव तूच मांड. मी फक्त हात वर करणार आहे.

बारकी


४ ऑक्टोबर

चि. बारकीस आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला, जीव भांड्यात पडला. तू दोनच्या बससाठी निघालीस, त्यामुळे पुढचं तुला ठाऊक नाही.

तू हात वर केलास आणि मी टेबलावर बारा फोटो मांडले, तेव्हा ती पोरं खुर्च्या सोडून उठली हे तू पाहिलंसच. बेकरीवाल्याच्या नातवानं आजोबाची सावली लांबून ओळखली आणि हसत हसत फोटो हातात घेतला. तू गेल्यावर तो मला विचारत होता, आजोबांचा फोटो कसा आला होता. मी सांगितलं, वाईट. मतं मोजली: चौदा बाजूनं, तीन विरुद्ध, बाकी तटस्थ. वकील बाजूनं. ठराव मंजूर.

सगळे गेल्यावर चष्मेवाला मागे थांबला. मी खुर्च्या एकावर एक ठेवत होतो. त्यानं जुनी वही मागितली. समज दिल्याची ती ओळ त्यानं वहीला नाक लावून वाचली, त्याला आता फार कमी दिसतं. मग म्हणाला, ‘मला त्याच दिवशी ठाऊक होतं. तो डाकवाला उडी मारत होता तेव्हा माझा चष्मा हातात होता. मला ती उडी कधी दिसलीच नाही रे. फोटोतच पहिल्यांदा पाहिली.’

मी विचारलं, मग बोलला का नाहीस. तो म्हणाला, तुझी वही म्हणत होती माझा आहे, आणि मला तो माझा हवा होता.

मला त्याचा राग यायला हवा होता. पण मी काय बोलणार, मी तर ती वही. त्यानं पेन मागितलं आणि त्या ओळीवर स्वतःच्या हातानं आडवी रेघ मारली, खाली सही केली. मीही केली. त्या वहीतली ती पहिली खाडाखोड.

मुखपृष्ठावर ‘उडी’च राहील, तुझ्या नावानं, आणि खालची कडा न कापता, सावलीसकट. साठ पानं मी समितीला परत दिली. दुसऱ्या वर्षाचं पान, म्हणजे पान चौतीस, नव्यानं लिहिलंय. त्याचं प्रूफ सोबत पाठवतोय. शुद्धलेखनाची मला खात्री नाही, आणि वाक्यं बरी वाटतात की नाही तेही कळत नाही. चार वेळा बदललंय. तू वाच आणि काय हवं ते खोड. तू बरं म्हणेपर्यंत छापायला देत नाही.

दादा


१२ ऑक्टोबर

ती. दादास नमस्कार.

पान चौतीस मिळालं. शुद्धलेखनाच्या पाच चुका पेन्सिलनं दाखवल्यात. ‘तिकाटणे’ बरोबर आहे, उगाच बदलू नकोस. स्वतःला दोन ठिकाणी नालायक म्हटलंयस, त्यातलं एक काढलं. एक राहू दे.

शेवटून तिसरं वाक्य मी खोडलंय. तू लिहिलंस, ‘सभासद बाईंवर मोठा अन्याय झाला व त्यांनी तो मुकाट्याने सोसला.’ मुकाट्यानं सोसला नाही. भरल्या सभेत उभी राहून दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मला खाली बसवलं. त्या जागी एवढंच घाल: ‘फोटो आपला असल्याचे त्यांनी त्याच सभेत सांगितले होते.’

बाकी पान बरं आहे. छापायला दे.

बारकी